क्लोरीनला न जुमानणारे जुलाब

पाण्यात क्लोरीन पडलं की ते प्यायला हरकत नाही, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. बसायलाही हवं. कॉलरा, टायफॉइडसारखे आजार आटोक्यात आले त्यात क्लोरीनचा वाटा फार मोठा आहे. पण एक जीव असा आहे, की त्याच्या बाबतीत क्लोरीनच्या भरवशावर बसून चालत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हे त्याचं नाव. एका पेशीचा हा परजीवी आतड्यात शिरला की पाण्यासारखे जुलाब सुरू होतात आणि एक-दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, पिच्छा सोडत नाहीत.

फरक किती आहे ते आकड्यांतच बघा. लिटरमागे १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असलेल्या पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू मिनिटभराच्या आत मरतो. हिपॅटायटिस ए च्या विषाणूला साधारण १६ मिनिटं लागतात. जिआर्डिया हा दुसरा चिवट परजीवी, त्याला ४५ मिनिटं. आणि क्रिप्टोस्पोरिडियमला त्याच पाण्यात १५,३०० मिनिटं लागतात, म्हणजे साडेदहा दिवस. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी इतके दिवस वाटेत थांबत नाही, त्याआधीच ते कुणाच्या तरी पेल्यात पोचतं.

हा चिवटपणा येतो कवचातून. शरीराबाहेर हा परजीवी एका टणक गोल डबीत बंद असतो. त्या डबीला ऊसिस्ट म्हणतात. तिचा व्यास ४ ते ६ मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान. आत चार परजीवी दाटीवाटीने पडून असतात. ऊसिस्ट पोटात गेला की आतड्यातल्या उबेने आणि पाचकरसांनी कवच उकलतं आणि ते चौघे लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींच्या काठाशी घुसतात. तिथे त्यांची संख्या वाढते, अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे बारीक उंचवटे खुरटतात, आणि जे पाणी शरीरात शोषलं जायला हवं ते जुलाबावाटे वाहून जातं. काही ऊसिस्टांचं कवच पातळ असतं. ते बाहेर न पडता आतच फुटतात आणि त्याच माणसाला पुन्हा लागण करतात. ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली आहे त्यांचा आजार महिनोन्‌महिने चालतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नेस्ट टायझर यांनी १९०७ मध्ये उंदरांमध्ये हा परजीवी पाहिला. पण माणसालाही तो होतो याची पहिली नोंद थेट १९७६ मधली. १९८० च्या दशकात एड्सचे रुग्ण न थांबणाऱ्या जुलाबांनी खंगून जायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याकडे गांभीर्याने बघायला सुरुवात केली. माणसांना होणारा आजार बहुतेक दोन जातींमुळे होतो. एक, क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस, जी मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जाते. दुसरी, क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम, जी गुरांमध्ये, विशेषतः लहान वासरांमध्ये, खूप आढळते. साथीचा माग काढताना हा फरक फार उपयोगी पडतो, त्याकडे पुढे येऊच.

साथ आवरायची म्हटलं की आणखी तीन गोष्टी आडव्या येतात. लागण व्हायला दहाच्या आसपास ऊसिस्टही पुरतात. आजारी माणसाच्या एका वेळच्या शौचातून १ कोटी ते १० कोटी ऊसिस्ट बाहेर पडू शकतात. आणि ते बाहेर पडल्या क्षणापासून दुसऱ्याला लागण करायला तयार असतात. जंताच्या अंड्यांना मातीत काही आठवडे काढावे लागतात, मगच ती धोकादायक होतात. इथे तेवढी उसंतच मिळत नाही.

मिलवॉकी, १९९३

या रोगाच्या व्यवस्थापनाबद्दल आज जे काही सांगितलं जातं त्यातलं बरंचसं एका शहराने सोसून शिकवलेलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं मिलवॉकी शहर मिशिगन सरोवराचं पाणी पितं. ते शुद्ध करणारी दोन केंद्रं होती. मार्च १९९३ च्या शेवटच्या आठवड्यापासून दक्षिणेकडच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढायला लागला. २८ आणि ३० मार्चला तो १.७ एनटीयूपर्यंत गेला. एनटीयू हे गढूळपणाचं माप. साधारण ४ एनटीयूच्या खालचा गढूळपणा नुसत्या डोळ्याला दिसतही नाही. म्हणजे लोकांच्या पेल्यातलं पाणी स्वच्छच दिसत होतं. तपासणीत ते त्या वेळच्या सगळ्या नियमांतही बसत होतं. क्लोरीनही होतं.

५ एप्रिलच्या सुमारास आरोग्य विभागाकडे खबरा येऊ लागल्या. रुग्णालयांतले कर्मचारी, शाळांतली मुलं, शिक्षक मोठ्या संख्येने पोट बिघडून घरी बसले होते. औषधांच्या दुकानांतली जुलाबांवरची औषधं संपत होती. ७ एप्रिलला रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत क्रिप्टोस्पोरिडियम सापडला आणि त्याच संध्याकाळी पाणी उकळून प्यायची सूचना निघाली. ९ एप्रिलला दक्षिणेचं केंद्र बंद केलं. या साथीत त्या परिसरातल्या सुमारे १६ लाख लोकांपैकी अंदाजे ४,०३,००० जण आजारी पडले. हा आकडा घरोघरी फोन करून केलेल्या पाहणीतून काढलेला आहे. प्रयोगशाळेत पक्के झालेले रुग्ण काही शेच होते.

पुढच्या दोन वर्षांत ज्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर या रोगाचं नाव होतं अशी ५४ माणसं गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत असे मृत्यू चारच होते. ५४ मधले ८५ टक्के एड्सचे रुग्ण होते. धडधाकट माणसाला पंधरा दिवस जेरीस आणून सोडणारा आजार दुबळ्या माणसाला कुठवर नेतो ते या आकड्यांत दिसतं, आणि मला तरी ते वाचून पुढे जाता येत नाही.

तपासात एक अडचण होती. दूषित पाणी तर केव्हाच पिऊन झालं होतं, मग त्यात परजीवी होता हे दाखवायचं कशावरून? उत्तर सापडलं बर्फात. त्याच दिवसांत शहराच्या दक्षिण भागात नळाच्या पाण्याचा बर्फ तयार करून साठवलेला होता. तो वितळवून गाळला, आणि त्यात ऊसिस्ट मिळाले. त्या आठवड्यांतलं पाणी बर्फात तसंच्या तसं जपलं गेलं होतं. कित्येक वर्षांनी नमुन्यांचा जनुकीय तपास झाला तेव्हा जात निघाली होमिनिस. सुरुवातीला गुरांकडे बोट दाखवलं जात होतं, पण पुरावा माणसांच्या सांडपाण्याकडे झुकला.

दोन आठवड्यांची पिछाडी

मिलवॉकीची गोष्ट वाचताना वाटतं, सूचना द्यायला इतका उशीर का झाला? त्यासाठी एका रुग्णाचे दिवस मोजून बघा. आज त्याने दूषित पाणी प्यायलं. लक्षणं दिसायला सरासरी सात दिवस जातात, कधी दोन तर कधी दहा. मग दोन-तीन दिवस तो घरीच काढतो, कारण जुलाब झाले की लगेच दवाखाना कोण गाठतं? डॉक्टरकडे गेला तरी दर वेळी शौचाची तपासणी होतेच असं नाही. झाली तर अहवालाला आणखी एक-दोन दिवस. एकूण पंधरवडा सहज गेला. म्हणजे प्रयोगशाळेतून पहिला अहवाल हाती येतो तेव्हा आपण पंधरा दिवसांपूर्वीचं पाणी बघत असतो, आणि मधल्या काळात तेच पाणी लोक पीत राहिलेले असतात.

त्यातही अहवालात हा परजीवी दिसेलच याची खात्री नाही. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत तो शोधलाच जात नाही, डॉक्टरने चिठ्ठीवर त्याचं नाव घालून मागावं लागतं. मग काचपट्टीवर खास रंगद्रव्य वापरतात. निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोल ठिपके उठून दिसतात, ते ऊसिस्ट. आता परजीवीची प्रथिनं शोधणारी प्रतिजन तपासणी आणि त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणीही आहे आणि त्या जास्त भरवशाच्या आहेत. शिवाय ऊसिस्ट रोज सारखे बाहेर पडत नाहीत. म्हणून एक नमुना कोरा निघाला तरी वेगवेगळ्या दिवशींचे आणखी नमुने तपासतात.

म्हणूनच सार्वजनिक आरोग्याची माणसं फक्त अहवालाची वाट बघत नाहीत. औषधाच्या दुकानात जुलाबाच्या गोळ्या अचानक जास्त खपणं, शाळेची हजेरी घसरणं, आरोग्याच्या मदतवाहिनीवर एकाच तक्रारीचे फोन वाढणं, शुद्धीकरण केंद्रात गढूळपणाची रेघ वर चढणं. यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर किरकोळ वाटते. औषधवाल्याला केंद्रातला गढूळपणा ठाऊक नसतो, केंद्रातल्या माणसाला शाळेची हजेरी ठाऊक नसते. या सगळ्या खबरा एका टेबलावर रोज आणणारं कुणीतरी हवं. साथीच्या व्यवस्थापनात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे काम.

संशय आला की रुग्णांची यादी तयार होते: नाव, वय, राहण्याची जागा, लक्षणं कधी सुरू झाली, त्याआधीच्या दोन आठवड्यांत कुठलं पाणी प्यायलं, कुठे पोहायला गेले, गुरांशी संबंध आला का, घरात आणखी कोण आजारी आहे. मग दिवसागणिक किती जण आजारी पडले याचा आलेख काढतात. सगळ्या वयाची माणसं थोड्याच दिवसांत एकदम आजारी पडली आणि नकाशावर ती एकाच जलवाहिनीच्या पट्ट्यात येत असली, तर पाण्याचा संशय बळावतो. फक्त लहान मुलं आणि त्यांचे आईबाप असतील तर पाळणाघर किंवा पोहण्याचा तलाव. तपासात जात होमिनिस निघाली तर माणसांच्या मैल्याचा माग घ्यायचा. पार्व्हम असेल तर गोठे आणि कच्चं दूधही बघायचं. ब्रिटनमध्ये २००१ साली गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगामुळे लोकांचा शेतांकडचा वावर बंद झाला, तेव्हा माणसांमधले पार्व्हमचे रुग्णही कमी झाले होते. जनावर आणि माणूस यांच्यातला दुवा इतका ढळढळीत क्वचितच बघायला मिळतो.

पाणी उकळा, हे कधी सांगायचं?

इथे निर्णय घेणाऱ्याची खरी कसोटी लागते. लवकर सांगितलं आणि पाणी चांगलं निघालं, तर लोकांना विनाकारण त्रास होतो आणि पुढच्या वेळी ते ऐकत नाहीत. पुराव्यासाठी थांबलं तर रोज हजारो लोक तेच पाणी पितात. माझं मत स्पष्ट आहे. गढूळपणा वाढलेला आहे आणि त्याच भागात जुलाबांचे रुग्णही वाढताहेत, एवढं जुळलं की सूचना द्यावी आणि तपास मागून चालू ठेवावा. चूक झालीच तर ती काही दिवसांच्या इंधनाची. उलट बाजूने झालेली चूक भरून काढता येत नाही.

सूचना देताना नेमकं बोलावं लागतं. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट उकळू द्यायचं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. हे पाणी पिण्यासाठी, दात घासण्यासाठी, कच्च्या भाज्या-फळं धुण्यासाठी, बर्फासाठी आणि बाळाचं दूध कालवण्यासाठी वापरायचं. आंघोळ साध्या पाण्याने चालते, पण ते तोंडात जाऊ द्यायचं नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या इथे पुरत नाहीत. घरातला फिल्टर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. छिद्रं खात्रीने १ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक असतील, किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसचं यंत्र नीट चालत असेल, तर ऊसिस्ट अडतात. खात्री नसेल तर उकळलेलंच प्यावं. आणि हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर या परजीवीवर काम करत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

केंद्रातली भिंत

उकळणं हा तात्पुरता उपाय झाला. कायमचा उपाय एकापुढे एक अडथळे रचण्यात आहे. पहिला अडथळा उगमाशी: सांडपाणी आणि शेणामुताचा निचरा नदी-तलावात येऊ न देणं. जोराच्या पावसानंतर काठावरचं सगळं वाहून पाण्यात येतं, तेव्हा केंद्रात जास्त सावध राहावं लागतं.

दुसरा अडथळा तुरटी. ऊसिस्ट इतका हलका असतो की तो आपण होऊन तळाशी बसायला फार वेळ घेतो. तुरटी किंवा तशी रसायनं घातली की बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, ऊसिस्टही त्यात अडकतात, आणि मग ते खाली बसतात किंवा वाळूच्या गाळणीत अडतात. पाण्याचं रूप बदललं आणि तुरटीची मात्रा त्याप्रमाणे बदलली नाही, की पुंजके नीट होत नाहीत आणि गाळणीतून माल निसटतो. गढूळपणा मोजण्याचं महत्त्व यातच आहे. तो ऊसिस्ट मोजत नाही, गाळणी नीट काम करतेय का ते सांगतो. ते माप दर गाळणीवर, सतत, आपोआप घेतलं गेलं पाहिजे. गाळणी उलट्या प्रवाहाने धुतात तेव्हा निघणारं पाणी पुन्हा सुरुवातीला सोडलं तर अडकलेले ऊसिस्ट परत आत येतात, तेही सांभाळावं लागतं.

तिसरा अडथळा अतिनील किरणांचा. क्रिप्टोस्पोरिडियमला रोखायला हे किरण भरमसाट लागतील असा पूर्वी समज होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं की थोड्या मात्रेनेही काम होतं. कवच शाबूत राहतं, पण आतला डीएनए बिघडतो आणि परजीवीला वाढताच येत नाही. स्वीडनमधल्या ऑस्टरसुंड गावात २०१० च्या अखेरीस नळाच्या पाण्यातून सुमारे २७,००० लोकांना लागण झाली, म्हणजे जवळपास निम्मं गाव. तिथे साथ चालू असतानाच अतिनील किरणांची यंत्रणा बसवली. तरी पाणी उकळण्याची सूचना फेब्रुवारी २०११ पर्यंत चालू ठेवावी लागली.

पोहण्याच्या तलावांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे दूषित करणारा आणि ते पाणी गिळणारा एकाच वेळी पाण्यात असतात. तलावात कुणाला जुलाब झाल्याचं कळलं तर तो बंद करून क्लोरीनची मात्रा लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत चढवतात आणि पावणेतेरा तास तशीच ठेवतात. हिशेब तोच, १५,३०० भागिले २०. क्लोरीन टिकवणारं सायन्युरिक आम्ल पाण्यात असेल तर आणखी वेळ लागतो. आणि ज्याला हा आजार झालाय त्याने जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये, कारण बरं वाटायला लागल्यावरही ऊसिस्ट बाहेर पडत राहतात. शाळा, पाळणाघर आणि स्वयंपाकाचं काम यांपासून जुलाब थांबल्यावर निदान ४८ तास लांब राहायचं. पाळणाघरात लंगोट बदलणाऱ्याने दर वेळी साबणाने हात धुवावेत, आणि शक्य असेल तर तीच व्यक्ती जेवण वाढणारी नसावी.

उपचाराबद्दल थोडक्यात. नेहमीची प्रतिजैविकं यावर चालत नाहीत. जलसंजीवनी पाजत राहणं, अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध चालू ठेवणं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस झिंक देणं हाच पाया. नायटाझॉक्सानाइड हे औषध निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्यांना उपयोगी पडतं. एचआयव्हीच्या रुग्णात मात्र ते एकटं पुरत नाही, तिथे एचआयव्हीवरचा उपचार नीट चालू करून प्रतिकारशक्ती वर आणणं हाच खरा इलाज. लस अजून नाही. डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं, मूल सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नये.

मिलवॉकीची बातमी झाली, कारण एका नळातून लाखो लोकांपर्यंत रोग एकदम पोचला. पण या परजीवीचे सर्वाधिक बळी अशा साथींत जात नाहीत. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. लहान मुलांमधल्या मध्यम ते तीव्र जुलाबांमागच्या चार प्रमुख कारणांत क्रिप्टोस्पोरिडियम होता, आणि वर्षाच्या आतल्या बाळांत तर रोटाव्हायरस या जुलाबांच्या विषाणूच्या खालोखाल. २०१६ या एका वर्षात पाच वर्षांखालची ४८,००० हून अधिक मुलं याने गेली असा अंदाज आहे. कुपोषित मुलाला तो लवकर धरतो, आणि जे वाचतं त्याची वाढ मागे पडते, म्हणजे ते पुढच्या आजारासाठी आणखी दुबळं होतं. ही मुलं कुठल्याही साथीच्या आलेखावर दिसत नाहीत, कारण तिथे आलेख काढायला कुणी गेलेलंच नसतं. शौचालय, वाहतं पाणी आणि साबण त्या घरांपर्यंत पोचवणं हेही याच रोगाचं व्यवस्थापन आहे.

राहता राहिली साथ संपल्याची सूचना. गढूळपणा खाली आला, पाण्याच्या लागोपाठच्या नमुन्यांत ऊसिस्ट मिळाले नाहीत, नवे रुग्ण थांबले, की उकळण्याची सूचना मागे घेतात. त्या दिवशी घरोघरी थोडं काम उरतं. सगळे नळ काही मिनिटं वाहू द्यायचे, टाक्या रिकाम्या करून धुवायच्या, फिल्टरची कांडी बदलायची. आणि शीतकपाटातला बर्फ काढून ओतून द्यायचा, साचे साबणाने धुवून पूर्ण कोरडे होऊ द्यायचे, कारण कोरडेपणा ऊसिस्टला सोसत नाही. मिलवॉकीत मागच्या पाण्याचा पुरावा बर्फानेच जपून ठेवला होता, तसा तो तुमच्या साच्यातही राहिलेला असू शकतो.